बकारामजींचा बिरेक

आमच्या कचेरीतला सगळ्यांत म्हातारा माणूस आणि सगळ्यांत नवा माणूस एकच होता. मी नोकरीला लागलो तेव्हा बकारामजींच्या मिशा पांढऱ्या झालेल्या होत्या, आणि तरी दर तीन महिन्यांनी ते नव्याने नोकरीला लागत. बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, नेमणुकीचा कागद त्यांच्या हातात ठेवत. बकारामजी तो कपाळाला लावत आणि तसेच माझ्या टेबलाशी येत.

"बाबू, आजपासून मी तुमच्याहून ज्युनिअर. सांभाळून घ्या गा."

हे असे का, ते मला कोणी नीट सांगितले नव्हते; ते हळूहळू कळले. बकारामजी कचेरीत रोजंदारीवर पाणी भरत. अशा माणसाची नोकरी सलग चालू राहिली तर उद्या तो कायम होण्याचा हक्क सांगेल, म्हणून तीन महिने पुरे व्हायच्या आत त्याला एक दिवस कामावरून कमी करायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्याने घ्यायचे, असा रिवाज होता. कागदोपत्री त्याला 'तांत्रिक खंड' म्हणत. बोलताना सगळे 'ब्रेक' म्हणत. बकारामजी म्हणत 'बिरेक'. त्या एका दिवशी ते सरकारचे कोणी नसत.

सत्तरच्या आसपासची ही गोष्ट. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या कौलारू बंगल्यात आमचे ऑफिस होते. मी नरखेडच्या शाळेत मॅट्रिक झालेला आणि काटोलला बी. ए. केलेला मुलगा. माझे वडील दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागा राखत. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि टेबल-खुर्चीवर बसून काम करणाराही पहिलाच. पहिल्या दिवशी मी खुर्चीच्या अगदी कडेवर बसलो होतो. बकारामजींनी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, मला खालीवर पाहिले आणि म्हणाले, "मांगं सरकून बसा बाबू. खुर्ची तुमच्याच नावची हाये. कोनी उठवनार नाही."

त्या वाक्याचे मोल मला पुढे कळले. त्या कचेरीत त्यांच्या नावाची कोणतीच वस्तू नव्हती.

उंच, हडकुळे, किंचित वाकलेले; खाकी हाफपँट, वर बंडी आणि खांद्यावर दुपट्टा. बोलायला अखंड. बादली घेऊन व्हरांड्यातून येताना त्यांचा आवाज आधी यायचा, मग पाण्याचा, मग ते. बारा महिने रांजण भरायचे, पेले घासायचे. पण त्यांचे खरे राज्य उन्हाळ्यात. मार्च सरता सरता साहेबांच्या खोलीच्या दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागत, आणि दिवसभर त्या ओल्या ठेवण्याचे काम बकारामजींचे. दुसरे कोणी पाण्याचा फवारा मारायला गेले की ते हातातली लोटी काढून घेत. "ताटीले आंघोळ नोका घालू गा. तोंड पुसा तिचं." मग मनगट हलके झटकत वरून खाली पाणी शिंपडत जात. खोलीत वाळ्याचा वास सुटे. साहेब आतून म्हणत, "अहाहा." बकारामजी बाहेर उन्हात उभे राहून आमच्याकडे बघत डोळा मिचकावत.

ते एकदा म्हणाले, "सारं नागपूर म्हन्ते, यंदा ऊन कमी तपाव. मी एकटाच मनातल्या मनात म्हन्तो, तप बाबा, अजून तप. माह्या नोकरीचं पोट उन्हावर हाये."

नंतरच्या एका उन्हाळ्यात साहेबांच्या खोलीला कूलर बसला. पत्र्याचा तो मोठा डबा चार माणसांनी उचलून आणला तेव्हा आमचा टायपिस्ट मोठ्याने म्हणाला, "बकारामजी, तुमची सवत आली हो!"

सगळे हसले. बकारामजीही हसले. "येऊ द्या ना. सवत असली तरी पानी तं तिले मीच पाजीन."

आणि खरेच, त्या कूलरची टाकी भरायचे काम त्यांच्याकडेच आले; साहेबांच्या खोलीच्या ताट्या आमच्या खोल्यांना लागल्या. पण पुढचे कितीतरी दिवस ते चपराशांना हळूच विचारत असत, "काय गा भाऊ, हे यंत्र सोताच पानी ओढून घेते असं बी निंगालं हाये म्हन्तेत, खरं का?" चपराशी मुद्दाम म्हणत, "मुंबईले आलं हाये म्हन्तेत." मग बकारामजी तो सारा दिवस गप्प राहत.

माझ्या पहिल्याच पावसाळ्यात मला कावीळ झाली. बर्डीच्या मागच्या गल्लीतली माझी खोलीही त्यांनीच बघून दिलेली होती. नोकरी नवी, म्हणून मी रजेचा अर्ज दिला नव्हता. दोन दिवसांत येतो असा निरोप फक्त धाडला होता. संध्याकाळी बकारामजी उसाच्या रसाचा तांब्या घेऊन आले. माझे डोळे बघितले आणि खाली बसले.

"अर्ज काहून नाही देला?"

"नोकरी नवी आहे. साहेब काय म्हणतील?"

"जागा परमनंट हाये ना तुमची?"

"हो."

"मंग पडा ना आरामात! बाबू, तुम्हाले आजारी पडाचा हक्क हाये. लोकं मरतेत असा हक्क भेटाव म्हून." मग दोन्ही गुडघ्यांना हातांचा विळखा घालून ते माझ्याकडे एकटक बघत राहिले. "जरा पाहू द्या मले. पगारी आजारी माणूस कसा दिसते तं."

मी पोट दुखेस्तोवर हसलो. दुसऱ्या दिवशी माझा अर्ज त्यांनीच नेऊन दिला. मी बरा होईस्तोवर ते रोज येत. माझ्या आईला कळवू नका म्हटले तर कळवले नाही, पण आईने जे केले असते ते सगळे केले. ते उपकार मी कधी विसरलो नाही.

स्वतःचे आजारपण मात्र ते बिरेकसाठी राखून ठेवत. हे मी थट्टेने सांगत नाही, त्यांचा तो जगण्याचा रिवाजच होता. एक दिवस गैरहजर राहिले तर त्यांच्या जागी दुसरा माणूस घ्यायला कोणाची हरकत नव्हती. फाटकाबाहेर अशी माणसे रोज उभी असत. म्हणून दाढ दुखली तर बिरेकमध्ये काढायची, गळू झाले तर बिरेकमध्ये फोडायचे. बायकोला दवाखान्यात दाखवायचे तेही बिरेकमध्ये. "आंगात कसकस आली का मी तिले सांगतो, थांब माय, पुढच्या हप्त्यात बिरेक हाये. थांबते. धाक पाह्यजे." बडे बाबू त्यांना विचारत, "काय बकाराम, हा खोकला कोणत्या बिरेकातला?" आणि ते तितक्याच गंभीरपणे सांगत, "मांगच्यातला उरला साहेब. पुढच्यात निपटवतो."

मुलीचे लग्नही त्यांनी बिरेकच्या दिवशीच ठेवले. बोलणी करायला आलेल्या मुलाच्या बापाला ते पुनःपुन्हा सांगत राहिले की बिरेक ज्या दिवशी, त्याच दिवशी लग्न. शेवटी त्या माणसाने विचारले, "पाव्हणे, आमीबी बुद्धाचेच हावो. पण हा बिरेक कोनता सण हाये गा?"

"आमच्या घरचा हाये," बकारामजी म्हणाले. "दर तीन महिन्यानं येते."

विहारात लग्न लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नव्या नेमणुकीच्या कागदासाठी हजर होते. केसांत झेंडूची एक पाकळी अडकलेली होती, ती बडे बाबूंनी काढून टाकली.

त्यांचे घर पाचपावलीकडे होते. मातीच्या भिंती, वर टिनाचे पत्रे, आत कोनाड्यात बुद्धाची तसबीर. त्यांची बायको अनसूयाबाई दारात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत. मुलगी सासरी गेल्यावर घरात मुलगा उरला, दिवाकर. मॅट्रिक झाला होता, सायकलच्या दुकानात पंक्चर काढत होता आणि जिभेने फार तिखट होता. मी गेलो की तो म्हणे, "या साहेब, बसा. बाबा तुम्हाले त्यायच्या नोकरीच्या गोष्टी सांगतीन. त्यायची नोकरी म्हंजे भाड्याची सायकल हाये. टाइम झाला का वापस."

बकारामजी त्याला रागावत नसत. तो बाहेर गेला की म्हणत, "पोट्टा बरोबर बोलते. पन त्याचंच पाहाचं हाये मले. मी परमनंट होऊन मेलो, तं माही जागा त्याले भेटते. कायदा हाये तसा. टेंपररी मेलो, तं फुकट मेलो."

ही त्यांची एकच इच्छा होती आणि ती त्यांनी कोणापासून लपवली नव्हती. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होते की बकारामजींना कायम व्हायचे आहे, आणि ते दिवाकरसाठी.

आणि एका दिवाळीनंतर ती गोष्ट जवळ आली. वरून हुकूम आला की जुन्या रोजंदारी माणसांना यापुढे ब्रेक देऊ नये. ज्यांची नोकरी एक वर्ष अखंड होईल त्यांची नावे कायम करण्यासाठी पाठवावीत. बडे बाबूंनी तो हुकूम मोठ्याने वाचला. बकारामजी व्हरांड्यात उभे होते. त्यांनी बादली खाली ठेवली आणि दुपट्ट्याने तोंड पुसले. दुसऱ्या दिवशी संत्रा बर्फीचा पुडा आणला आणि टेबलाटेबलावर स्वतः वाढली. टायपिस्ट म्हणाला, "बकारामजी, आता थंडी वाजून येईन तेव्हा काय करान? बिरेक तं संपला!" ते म्हणाले, "आता थंडी बी परमनंट!"

मी म्हटले, "तुम्ही घ्या ना एक तुकडा."

"नाही बाबू. इकडच्या गालात छाला हाये. गोड झोंबते."

ते सहज बोलले, मीही सहज ऐकले. पावसाळा सरल्यापासून त्यांच्या उजव्या गालात आतून एक जखम होती. तंबाखूचा बार ते त्याच गालात ठेवत. जखम भरत नव्हती, म्हणून रिवाजाप्रमाणे त्यांनी ती पुढच्या बिरेकसाठी ठेवली होती. तो बिरेक आता येणार नव्हता.

थंडी संपत आली तेव्हा त्यांनी तंबाखू सोडली. आम्ही कौतुक केले. मग त्यांनी डब्यात भाकर आणणे सोडले. चपराशी सांगू लागला की ते भाकरीचा चुरा पाण्यात कालवून पितात. एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. अनसूयाबाईंनी सूप बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी तरी सांगा यायले. रातभर गाल धरून बसून राह्यतेत."

दिवाकर आतून आला. "दवाखान्यात चाला म्हन्लं तं काय म्हन्तेत माहीत हाये? बिरेक येऊ दे. आता कोठचा बिरेक? तुम्हीच तं बर्फी वाटली!"

"चूप बस."

"काहून चूप बसू? सरकारी दवाखाना रविवारी बंद राह्यते आन तुम्ही बाकीच्या दिवशी पानी भरता. आजाराले सांगा मंग, रविवारी ये म्हना."

"अबे, पन एक दिवस गेला का वर्ष तुटते ना!" बकारामजी एकदम ओरडले आणि ओरडल्यामुळे गाल धरून खाली बसले. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून हळू बोलले. "बाबू, इतकी वर्षं सरकार मले दर तीन महिन्यानं तोडत होतं. आता सरकारनं तोडनं बंद केलं, आन मीच सोताले तोडू का?"



शेवटी तोड निघाली ती अशी: धंतोलीतले खाजगी डॉक्टर संध्याकाळी बसतात, तिथे जायचे, त्याने नोकरीत खंड पडत नाही. दुसऱ्याच दिवशी कचेरी सुटल्यावर मी आणि दिवाकर त्यांना घेऊन गेलो. डॉक्टर वयस्कर होते, मायाळू होते. त्यांनी बॅटरी लावून तोंडात पाहिले, मानेच्या गाठी चाचपल्या, आणि बकारामजींना विचारले, "कधीपासून आहे?"

"बिरेक बंद झाला त्याच्या पह्यलेपासून."

डॉक्टरांना काही कळले नाही. मी समजावून सांगितले. त्यांनी बॅटरी विझवली. मग म्हणाले, "हे बघा, यातला तुकडा काढून तपासायला हवा. मला जे वाटतं ते असेल तर उशीर करून चालणार नाही. उद्याच मोठ्या दवाखान्यात भरती व्हा. ऑपरेशन लागेल, किरणांचे शेक लागतील. दोन-तीन महिने तरी धरून चाला."

आम्ही खाली रस्त्यावर आलो. तिथे वर्धा, यवतमाळकडून दवाखान्यांसाठी आलेली माणसे पिशव्या उशाशी घेऊन फुटपाथवर बसलेली होती. एक बाई मांडीवर डोके ठेवून निजलेल्या नवऱ्याला वारा घालत होती. बकारामजी त्यांच्याकडे पाहत उभे राहिले.

"दोन-तीन महिने म्हन्ले का हो डाक्टर?"

"हाव," दिवाकर म्हणाला. त्याचा तिखटपणा पार गेला होता. "चाला बाबा. नोकरी गेली तं गेली. मी हावो ना."

"तू हाये, पन तू काय हाये? पंक्चरवाला हाये." हे त्यांनी रागाने म्हटले नाही. मग माझ्या दंडाला धरून मला थोडे बाजूला नेले. "बाबू, वर्ष पुरं व्हाले आता किती राह्यलं? दिवाळी येते आन होते. ऑर्डर हातात येऊ द्या. मंग मी तुमच्यासारखा होतो. मंग पाहा कसा आजारी पडतो. असा पडीन का कोनी पडला नसन. सहा महिने उठत नाही. आन मेलो बी, तं जागेवर मेलो."

मी पुष्कळ समजावले. दिवाकरने भांडून पाहिले, अनसूयाबाई रडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बकारामजी नेहमीच्या वेळेला रांजण धूत होते. मी बडे बाबूंना सांगितले, तेही बोलले; म्हणाले, "बकाराम, जा, जीव आहे तर नोकरी आहे." बकारामजींनी विचारले, "साहेब, गेलो तं यादीत नाव राह्यते?" बडे बाबू खोटे बोलणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी मान खाली घातली.

त्या उन्हाळ्यात ऊन फार तापले. त्यांनी मागितले होते तसे. दुपट्टा आता खांद्यावर नसून तोंडाभोवती असे. लोकांना वाटे, उन्हासाठी आहे. त्यांचे बोलणे कमी होत गेले. आधी लांब गोष्टी गेल्या, मग थट्टा गेली, मग नुसते "हाव" आणि "नाही" उरले. व्हरांड्यातून आता फक्त पाण्याचा आवाज येई. टायपिस्टला काही ठाऊक नव्हते. तो म्हणाला, "बकारामजी, परमनंट व्हाच्या पह्यलेच साहेबासारखे कमी बोलून राहिले तुम्ही." ते डोळ्यांनी हसले. जवळ गेले की एक वास येई. तो येऊ नये म्हणून ते पेला टेबलावर ठेवून चटकन मागे सरत. ताट्यांवर पाणी मारताना मात्र मनगट तसेच हलके फिरे. एक दिवसही ते चुकले नाहीत. डॉक्टरांनी दिलेली गुंगीची गोळी ते कचेरीच्या वेळेत घेत नसत, हातातून पेला पडेल म्हणून.

पावसाळ्यात एकदा मी त्यांना विचारले, "फार दुखतं का?"

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवले आणि हाताने 'थोडं राहिलं' अशी खूण केली.

वर्ष पुरे झाले. नावे वर गेली आणि डिसेंबरात मंजुरी आली. बडे बाबू कागद घेऊन खुर्चीवरून उठले. एरवी ते कागदासाठी कधी उठत नसत. "बकाराम, झालं रे! झालं तुझं काम!" सगळे टेबलांमागून उठून आले. बकारामजींनी दोन्ही हात पुढे केले. बडे बाबूंनी कागद मोठ्याने वाचायला घेतला आणि शेवटच्या ओळीशी थांबले. ती ओळ त्यांनी पुन्हा मनात वाचली. मग चष्मा काढला.

नेमणूक कायम होती, पण सिव्हिल सर्जनकडून शरीरप्रकृती सुदृढ असल्याचा दाखला आल्यावर.

ही गोष्ट त्या कचेरीत कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. आमच्या प्रत्येकाची अशी तपासणी झालेली होती. पण आम्ही सगळे विशी-पंचविशीत तपासले गेलो होतो. छाती मोजली, डोळे पाहिले, दहा मिनिटांत मोकळे झालो. रोजंदारीवरच्या माणसाला इतक्या वर्षांत कोणी कधी तपासले नव्हते, कारण तो सुदृढ आहे की नाही याच्याशी सरकारला कर्तव्यच नव्हते.

बकारामजींना मी ती ओळ मराठीत समजावून सांगितली. त्यांनी ऐकले. मग बादली उचलून ते रांजण भरायला गेले.

तपासणीला त्यांच्याबरोबर मी गेलो. त्यांनी धुतलेली पांढरी पँट आणि दिवाकरचा शर्ट घातला होता. डॉक्टर तरुण होते आणि चांगले होते. छाती मोजली, डोळे पाहिले. खिडकीबाहेरच्या झाडावरचा पक्षीसुद्धा बकारामजींनी ओळखून दाखवला. वजनाच्या काट्यावर उभे राहताना त्यांनी श्वास भरून घेतला, जणू त्याने वजन वाढणार होते. मग डॉक्टर म्हणाले, "दुपट्टा काढा. तोंड उघडा."

त्यांनी दुपट्टा सोडला, पण तोंड उघडले नाही. उघडत नव्हतेच, दोन बोटांपलीकडे जबडा हलत नव्हता. गालाला बाहेरून भोक पडायच्या बेतात होते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले आणि पेन खाली ठेवले.

तेव्हा बकारामजी बोलले. कितीतरी दिवसांनी मी त्यांचे एवढे लांब वाक्य ऐकले. शब्द फुटके, ओले येत होते, पण कळत होते.

"साहेब, काम मी हातानं करतो. तोंडानं नाही करत."

डॉक्टर उठून खिडकीशी गेले. पाठमोरेच म्हणाले, "बाबा, मी सुदृढ कसं लिहू?"

"आठ दिवसांसाठी लिहा."

मला काय ते कळले. आठ दिवस कायम राहून मेले असते तरी त्यांचे काम होत होते. डॉक्टरांना कळले की नाही, मला माहीत नाही. त्यांनी बकारामजींच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच दिवशी भरती होण्यासाठी चिठ्ठी लिहून दिली आणि आमच्या कागदावर जे लिहायचे ते लिहिले.

त्या कागदाने रोजंदारीही गेली. सरकारच्याच डॉक्टराने अपात्र ठरवलेला माणूस पाणी भरायला तरी कसा घ्यायचा? कोणी तपासलेच नसते तर ते शेवटपर्यंत टेंपररी तरी राहिले असते. बडे बाबूंनी साहेबांकडे खेपा घातल्या, साहेबांनी वर लिहिले. वरून एका ओळीचे उत्तर आले. दवाखान्यात तपासून डॉक्टरांनी सांगितले की आता ऑपरेशनचा उपयोग नाही. शेक दिले, त्याने चेहरा काळा पडला आणि दुखणे थोडे कमी झाले. मग घरी न्यायला सांगितले.

मार्च लागला. ताट्या बाहेर काढल्या, आणि पाणी मारायला माणूस नव्हता. बडे बाबूंनी मला बोलावून म्हटले, "त्याच्या पोराला विचार. कायम नाही, रोजंदारीच. पण बाहेरच्याला घेण्यापेक्षा…" नव्या माणसांना जुनाच नियम लागू होता: तीन महिने, मग ब्रेक.

निरोप घेऊन मी पाचपावलीला गेलो तेव्हा बकारामजी भिंतीला टेकून बसले होते. दिवाकरने सगळे ऐकून घेतले. मला वाटले होते तो काहीतरी तिखट बोलेल. त्याने बापाकडे पाहिले, आईच्या सुपाकडे पाहिले आणि म्हणाला, "कोनत्या टाइमाले याचं?"

पहिल्या दिवशी तो आला, आणि त्याच्या मागे बकारामजी आले. पाचपावलीहून सायकलच्या कॅरिअरवर बसून आले होते. अंगावर काही उरलेले नव्हते. चेहऱ्याभोवती स्वच्छ पांढरा दुपट्टा घट्ट बांधलेला. फक्त डोळे दिसत होते. बडे बाबूंनी दिवाकरच्या हातात कागद दिला. दिवाकरने तो घडी करून खिशात टाकला, बादली घेतली आणि नळाकडे गेला.

बकारामजी आत आले. बोलता येत नव्हते म्हणून ते टेबलाटेबलाशी थांबून हात जोडत गेले. बडे बाबूंना, टायपिस्टला, दोन्ही चपराशांना. टायपिस्ट तोंड फिरवून रडू लागला. माझ्यापाशी आले तेव्हा मी उभा राहिलो. त्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मला खाली बसवले, आणि मग हात जोडले.

सगळ्यांचा निरोप झाला असे वाटून मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला निघालो. व्हरांड्यात दिवाकर भरलेली बादली घेऊन समोरून येत होता. बकारामजी वाटेतच थांबले. त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. आणि जसे आम्हा सगळ्यांना जोडले होते तसेच हात त्यांनी त्यालाही जोडले, कपाळापर्यंत नेऊन.

"बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?" दिवाकर गोंधळून म्हणाला.

ते तसेच उभे राहिले.  वाट अरुंद होती. बादली ठेवायला दिवाकर इकडेतिकडे जागा पाहू लागला. ती भिंतीकडेला टेकवून तो सरळ उभा राहीपर्यंत बकारामजी कठड्याला धरून पायऱ्या उतरले होते आणि उन्हातून फाटकाकडे चालू लागले होते.